ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा

पावसाळ्यात गोव्यातल्या कुठल्याही गॅरेजात हे दृश्य दिसतं. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेली गाडी येते, स्कॅनर लागतो, पडद्यावर पी०१३१ किंवा पी०१७१ उमटतं आणि निकाल लागतो: ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, गेला. नवा सेन्सर बसतो, काही हजार रुपये जातात आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. कारण कोड फक्त एवढंच सांगतो की ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मिळालेला सिग्नल पटण्यासारखा नव्हता. तो सेन्सरमुळे बिघडला, वायरमुळे, सायलेन्सरच्या (धुराच्या नळीच्या) गळतीमुळे की इंजिनातच काही चुकतंय म्हणून, हे शोधणं आपलं काम. क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा तासा-दीड तासात उत्तर मिळतं, आणि पुष्कळदा ते नव्या सेन्सरपेक्षा खूप स्वस्त असतं.

पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं.

आधी सेन्सर कोणता ते ओळखा

साध्या, म्हणजे नॅरोबँड सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचा सिरॅमिक भाग असतो. त्याच्या एका बाजूने धूर वाहतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची ताजी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका व्होल्टेज जास्त. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं, म्हणजे रिच असलं, तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो. हवा जास्त झाली, म्हणजे लीन असलं, तर तो ०.१ ते ०.२ वर उतरतो. मधली रेघ ०.४५ व्होल्टची. टोक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय यातलं काहीच घडत नाही, म्हणून आत छोटा हीटर असतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. त्याला बहुधा पाच किंवा सहा पिना असतात आणि स्कॅनरवर तो व्होल्टेजऐवजी लॅम्डाचा आकडा दाखवतो, १.०० म्हणजे मिश्रण बरोबर. चार वायरींचे वाइडबँड सेन्सरही आहेत, त्यामुळे नुसत्या वायरी मोजून ठरवू नका, स्कॅनरवर काय दिसतं ते पाहा. वाइडबँडच्या सिग्नलला मल्टिमीटर लावून उपयोग नाही. त्याचा हीटर आणि वायरिंग मात्र खाली सांगितल्याप्रमाणेच तपासता येते.

धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे असतो तो सेन्सर १, पलीकडे असतो तो सेन्सर २. तीन किंवा चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या इंजिनाला सहसा एकच बँक, म्हणजे सिलिंडरची एकच रांग, असते, त्यामुळे आपल्याकडच्या लहान गाड्यांत ‘बँक १’ या शब्दात अडकायचं कारण नाही.

हाताशी काय हवं

लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर किंवा गाडीच्या निदान-सॉकेटात लावून मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर. डिजिटल मल्टिमीटर, कारण जुना काट्याचा मीटर सिग्नलवर लावला तर तो स्वतःच व्होल्टेज खाली खेचतो. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, कपलरच्या (वायरींच्या जोडणीच्या) मागून घालायला बारीक पिना, चांगला टॉर्च. सेन्सर काढायचाच झाला तर २२ मिलिमीटरचा, वायरसाठी खाच असलेला सॉकेट आणि गंज सोडवणारं तेल.

इंजिन चालू ठेवून काम करताना गाडी उघड्यावर ठेवा. बाहेर पाऊस आहे म्हणून शटर ओढून इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोड वाचा, पण लगेच पुसू नका

कोडसोबत ईसीएम त्या क्षणाचा फ्रीझ फ्रेम जपून ठेवतो: इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान, वेग, लोड. कोड पुसला की हे सगळं जातं. आधी फोटो काढा.

पी०१३५ आणि पी०१४१ हे अनुक्रमे पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या हीटरचे कोड. यांचा मिश्रणाशी संबंध नाही, थेट हीटर आणि फ्यूजकडे वळा. पी०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज कमी, पी०१३२ म्हणजे जास्त, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद संथ, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही. पी०१३६ ते पी०१३८ मागच्या सेन्सरचे. पी०१७१ हा लीनचा आणि पी०१७२ हा रिचचा. या दोन कोडांवरून सेन्सर बदलणं म्हणजे निव्वळ अंदाज. सोबत पी०३०० च्या मालिकेतला मिसिंगचा (सिलिंडर न पेटण्याचा) कोड असेल तर सेन्सर बाजूला ठेवा आणि आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, त्यातला ऑक्सिजन न जळता तसाच बाहेर पडतो. सेन्सरला तो दिसतो आणि मिश्रण लीन असल्याचं तो सांगतो, प्रत्यक्षात पेट्रोल वाया जात असलं तरी.

गाडीखाली शिरा: गोव्यात निम्मं निदान इथेच

इंजिन थंड असताना सेन्सरपासून वायर धरून कपलरपर्यंत या आणि तिथून हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जिथे वर चढतो तिथपर्यंत बघत जा.

किनारपट्टीच्या गाड्यांत कपलरच्या पिनांवर हिरवट पूड दिसते. तो तांब्याचा गंज. दिवार-चोडणच्या फेरीवर रोज चढणाऱ्या गाड्यांना भरतीच्या वेळी खालून खारं पाणी लागतं, आणि मागच्या सेन्सरचा कपलर नेमका त्याच उंचीला असतो. कपलर सोडवा, आतलं रबरी सील शाबूत आहे का पाहा, पिन मागे सरकली आहे का ते बारीक पिनेने हलकंच ढकलून बघा. सिग्नल एका व्होल्टच्याही आतला असल्यामुळे पिनेवरचा थोडासा गंजही त्याला बिघडवायला पुरतो. हेडलाइटच्या कपलरला तेवढ्याने काहीच झालं नसतं.

साखळी, डिचोली, सांगे या खाणपट्ट्यात लाल चिखल कपलरच्या कुलपात भरून वाळतो. कपलर बसल्यासारखा दिसतो, पण ‘टक’ असा आवाज आलेला नसतो. आणि पावसात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीर विसरू नका. अर्धवट कुरतडलेली वायर वरून धडधाकट दिसते; बोटांनी चेपत गेलात की तुटकी जागा मऊ लागते.

सेन्सरची वायर सायलेन्सरला टेकून वितळली आहे का तेही पाहा. क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचं काम झालेल्या गाडीत हे हमखास सापडतं, कारण वायरची क्लिप परत लावायची राहून जाते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची. पावसाळा आला की कपलरांवर गंजरोधक स्प्रे मारायची आपल्याकडे सवय आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरवर ते करू नका. बहुतेक सेन्सरना आतली ताजी हवा वायरच्या तारांमधल्या फटीतून मिळते. तेल किंवा ग्रीस त्या वाटेने आत गेलं की तुलनेची हवाच दूषित होते आणि सेन्सरचा व्होल्टेज खाली सरकतो. चतुर्थीच्या आधी प्रेशर पंपाने इंजिन धुऊन घेतल्यावर दिवा लागला असेल तर कपलर उघडून कोरडी हवा मारा आणि दोन दिवस वाट पाहा. सेन्सर लगेच मागवू नका.

हीटर

चार वायरींच्या सेन्सरच्या बाजूला ज्या दोन वायरी एकाच रंगाच्या, त्या हीटरच्या. बॉश आणि एनटीके या कंपन्यांच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. हार्नेसच्या बाजूचे रंग वेगळे असतात, म्हणून ओळख नेहमी सेन्सरकडून करायची.

१. कपलर सोडवा. सेन्सर थंड असताना हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा. गाडीप्रमाणे फरक पडतो, पण साधारण ३ ते १५ ओहममध्ये उत्तर यायला हवं. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. सेन्सर बदलावाच लागेल.

२. हीटरच्या एका पिनेपासून सेन्सरच्या धातूच्या अंगापर्यंत मोजा. इथे अनंतच यायला हवं. काही आकडा आला तर हीटर आतून शॉर्ट आहे, आणि वारंवार उडणारा फ्यूज बहुधा त्यामुळेच.

३. आता हार्नेसची बाजू. चावी ऑन करा, इंजिन बंद. हीटरच्या एका पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा. नसेल तर एकदा इंजिन चालू करून बघा, काही गाड्यांत रिले तेव्हाच लागतो. तरीही नसेल तर फ्यूज आणि रिले पाहा.

४. हार्नेसच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावा आणि इंजिन चालू करा. ईसीएम अर्थिंगची बाजू चालू-बंद करत असतो, त्यामुळे दिवा लागला किंवा लुकलुकला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक. सुरू केल्यावर पहिले काही क्षण दिवा न लागणं हा दोष नव्हे. सायलेन्सरात साचलेलं पाणी सुकेपर्यंत पुष्कळ गाड्यांत ईसीएम हीटर मुद्दाम थांबवून ठेवतो, कारण तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. पणजीत अठरा जून रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून तापलेली गाडी काढल्यावर सेन्सर जातात त्यामागेही हाच झटका असतो.

चालू इंजिनवर सिग्नल

कूलंट ८० अंशांच्या वर जाऊ द्या, मग दोन मिनिटं २५०० फेऱ्यांवर (आरपीएमवर) इंजिन धरा. स्कॅनरवर ‘क्लोज्ड लूप’ दिसतंय याची खात्री करा. ओपन लूपमध्ये ईसीएम सेन्सरचं ऐकतच नसतो, तेव्हा आलेख बघून निष्कर्ष काढू नका. ब्लूटूथ अडॅप्टर संथ असतात. पडद्यावर फक्त पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ठेवा, बाकी आकडे बंद करा. नाहीतर चांगला सेन्सरही संथ भासतो.

२५०० फेऱ्यांवर चांगला नॅरोबँड ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या आसपास असा सतत वर-खाली जातो, दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी ०.४५ ची रेघ ओलांडतो. आलेख ०.३ ते ०.६ मध्येच आळसावून फिरत असेल तर सेन्सर म्हातारा झाला. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर हे अपेक्षितच आहे. ०.४५ वर सपाट रेघ असेल तर बहुधा सर्किट तुटलेलं आहे, कारण अनेक गाड्यांत तो व्होल्टेज ईसीएम स्वतःच सोडतो. अशा वेळी सेन्सरचा कपलर काढा. रेघ तशीच राहिली तर सेन्सरचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतच नव्हता. आता हार्नेसच्या बाजूची सिग्नलची वायर क्षणभर अर्थला लावा. ही युक्ती फक्त नॅरोबँडसाठी. स्कॅनर शून्याकडे गेला तर वायर आणि ईसीएम शाबूत, दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पिनांत. नाही गेला तर वायर मध्येच तुटली आहे.

मुद्दाम रिच, मुद्दाम लीन

सगळ्या तपासणीत निर्णायक हीच पायरी, आणि घाईत हीच गाळली जाते. रेघ सतत खाली किंवा सतत वर असेल तर प्रश्न एकच: मिश्रण खरंच तसं आहे, की सेन्सर अडकला आहे?

एक्सलेटर झटक्यात दाबा. सेन्सर क्षणात ०.८ च्या वर जायला हवा. सोडा, ईसीएम इंजेक्टर बंद करतो आणि व्होल्टेज जवळजवळ शून्यावर उतरायला हवा. लीन करायचं असेल तर इनटेक मॅनिफोल्डची एखादी बारीक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा. रिच करायचं असेल तर एअर फिल्टरच्या तोंडाशी, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, लायटरमधला ब्यूटेन न पेटवता सोडा.

सेन्सरने दोन्ही वेळा चटकन उत्तर दिलं तर तो ठणठणीत आहे. मग त्याने लीन सांगितलं असेल तर इंजिन खरंच लीन चालतंय, किंवा बाहेरची हवा कुठून तरी धुरात मिसळतेय. रिच करूनही व्होल्टेज ०.६ च्या वर जात नसेल तर सेन्सर बदला. वाइडबँडला हाच प्रयोग लॅम्डाच्या आकड्यावर करा: झटक्यात एक्सलेटर दाबल्यावर आकडा १ च्या खाली, सोडल्यावर १ च्या पुष्कळ वर.

सेन्सर खरं सांगतोय, मग चूक कुठे

सेन्सरच्या अलीकडची सायलेन्सर गळती आधी बघा. खाऱ्या वाऱ्यात फ्लॅंजचे बोल्ट आणि गॅस्केटची कडा लवकर खाल्ली जाते. धूर झटक्या-झटक्याने वाहतो. दोन झटक्यांच्या मध्ये दाब खाली गेला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ती दिसते. इंजिन थंड असताना सुरू करा, जाड ओलं फडकं घेऊन मागचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा आणि ‘फट फट’ आवाज कुठून येतो ते ऐका. जोडावर साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे दिसतात. सांध्यावरची काजळीची काळी रेघही पुरावाच.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्या इंधनात करत असलेली टक्क्यांतली वाढ-घट. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज घ्या. उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर चिंता नाही. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० फेऱ्यांवर अधिक ५ असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा ओढली जातेय: फुटलेली नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट, आयडलिंगला ठीक आणि चढावर अधिक २० असेल तर पेट्रोल पुरत नाही; पंप, फिल्टर, इंजेक्टर पाहा. अनमोड किंवा चोर्ला घाटात पिकअप मरतो आणि सपाटीवर गाडी छान चालते ही तक्रार याच वर्गातली. बेरीज उणे २० कडे असेल तर गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा मॅनिफोल्डमधला दाब चुकीचा सांगणारा मॅप सेन्सर.

ई२० पेट्रोलबद्दल गोंधळ आहे म्हणून स्पष्ट सांगतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुन्या गाडीचा ईसीएम ते ट्रिम वाढवूनच भागवतो, त्यामुळे पाच-सात टक्क्यांची वाढ हा बिघाड नव्हे. सेन्सरला इंधनाचं नाव कळत नाही, तो उरलेला ऑक्सिजन बघतो.

कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी असेल तर तुमच्याकडे फुकटची चाचणी आहे. दोन्ही इंधनांना सेन्सर एकच. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि सीएनजीवरच बिघडत असेल, तर सेन्सरला हात लावू नका. रेग्युलेटर आणि सीएनजी इंजेक्टर तपासा.

मागचा सेन्सर

कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. तो पुढच्याच्या तालावर नाचायला लागला तर कन्व्हर्टर थकला आहे, पी०४२० त्याचाच. मागचा सेन्सर बदलून पी०४२० जात नाही. मात्र कन्व्हर्टरचा महागडा निर्णय घेण्याआधी मागच्या बाजूची गळती आणि मिसिंग नाही ना, एवढं बघाच.

काढणं आणि बसवणं

आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा. इंजिन थोडा वेळ चालवा, हाताला कोमट लागेल इतपत तापू द्या, मग २२ चा सॉकेट लावा. सेन्सर अडला तर पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत सोडवा. जोर केलात तर मॅनिफोल्डचे आटे सेन्सरसोबत येतील.

निघालेल्या टोकाकडे नीट बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच. तपकिरी, तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा, चकचकीत थर सिलिकॉनचा. ऑइल चेंबर किंवा टॅपेट कव्हरला साधा सिलिकॉन सीलंट लावला की त्याची वाफ इथे येऊन बसते. हिरवट पांढरं म्हणजे कूलंट, हेड गॅस्केट तपासा. मूळ कारण न काढता नवा सेन्सर लावलात तर त्याचंही तेच होईल. जुना सेन्सर पेट्रोलने किंवा ब्रशने साफ करून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

नवा सेन्सर गाडीच्या पार्ट नंबरप्रमाणे, तयार कपलरसह घ्या. वायर कापून जोडायचे सेन्सर टाळा, सोल्डर तर नकोच. वर सांगितलेली हवेची वाट त्याने बंद होते. आट्यांना लावलेलं ॲन्टी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणूनची पेस्ट) बहुधा कारखान्यातूनच येतं. नसेल तर आट्यांवरच अगदी पातळ लावा, टोकाला लागू देऊ नका. एम१८ आट्यांच्या सेन्सरला साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर पुरतात. वायर पीळ न पडता बसावी म्हणून फिरवण्याआधी ती तितकेच फेरे उलटी फिरवून घ्या. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही.

आता कोड पुसा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा, थोडं गावात फिरवा, मग पणजी–मडगाव रस्त्यावर रहदारी कमी असताना पंधरा-वीस मिनिटं स्थिर वेगाने चालवा. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर, हीटर आणि कॅटॅलिस्ट या तिन्ही मॉनिटरपुढे (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्यांपुढे) ‘पूर्ण’ आलं आणि पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड नसला तरच काम झालं. दिवा विझला एवढ्यावर गाडी परत देऊ नका, पीयूसीलाही पाठवू नका. पुसलेला कोड परत यायला कधी कधी गाडीच्या दोन-तीन फेऱ्या लागतात. परत आलाच तर नवा फ्रीझ फ्रेम पहिल्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा तेच तापमान आणि तेच फेरे असतील, तर आधीचा दोष अजून तिथेच आहे.